कुशल माणूस पाहिजे (आपल्यातला असल्यास उत्तम)

दारूखान्यात एका गेटवर आठ महिने झाले पाटी लटकते आहे. फिटर पाहिजे. वेल्डर पाहिजे. गॅस कटर पाहिजे. अनुभवी असावा. पाटी खडूनं लिहिलेली नाही, ऑइलपेंटनं रंगवलेली आहे. म्हणजे ती इतक्यात उतरायची नाही हे शेठलाही ठाऊक आहे. आणि त्या पाटीच्या बरोब्बर खाली, गटाराच्या कठड्यावर, सकाळी सात ते दहा आमचा नाका भरतो. तीस-चाळीस माणसं, डबे, गमछे, तंबाखूच्या पुड्या. त्यातली निम्मी माणसं पाटीवरची कामं करतात. ह्याच गेटातून आत जाऊन करतात. आत गेल्यावर त्यांचं नाव हेल्पर.

दोस्तहो, सध्या छोट्या-मोठ्या शेठलोकांनी एक रडगाणं काढलंय. माणसं आहेत पण कुशल माणसं नाहीत. बेकारी आहे पण कामाला लायक बेकार नाही. वर्कशॉपवाला रडतो, ट्रान्सपोर्टवाला रडतो, फाउंड्रीवाला रडतो, गोदामवाला रडतो. मागच्या पावसाळ्यात गोदीत जहाज नव्हतं म्हणून मी एका हॉलमध्ये खुर्च्या मांडायच्या रोजावर गेलो होतो. तिथं छोट्या उद्योजकांची सभा होती. सुटातला एक पाहुणा पडद्यावर चित्र दाखवत होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला डोंगर, मधी दरी. ह्या डोंगरावर उद्योग उभा, त्या डोंगरावर आजचा तरुण उभा, मधी कौशल्याची दरी. पूल बांधायला पाहिजे, पूल म्हणजे प्रशिक्षण, असं तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या. मी खुर्च्यांच्या मागं उभा. मनात म्हटलं, साल्या, ह्या दरीत मी राहतो. मला विचार ना ती कुणी खणली.

स्वतःचंच सांगतो, म्हणजे कुणी म्हणायला नको की कवी हवेत बोलतो. मी गोदीत ठेकेदाराकडे आहे. लोखंडाच्या कॉईल, एकेक वीस टनांच्या आसपास. हॅचमध्ये उतरून स्लिंग घालणं, क्रेनवाल्याला हातानं खुणा करणं, खाली लाकडी ठोकळे मारणं, ट्रेलरवर कॉईल बसली की साखळदंड आवळणं. ह्या कामात एक चूक म्हणजे एक माणूस कमी. कॉईल कुठल्या अंगाला कलणार हे ती जमिनीवरून सुटायच्या आधी स्लिंगच्या ताणावरून ओळखायचं असतं. हे मला एका म्हाताऱ्या गोदी कामगारानं शिकवलं, आणि त्याला त्याच्या जोडीदारानं, जो पुढं कॉईलखालीच गेला. रात्रपाळीत फोर्कलिफ्टचा ऑपरेटर दोन वाजता आडवा होतो. तिथून उजाडेपर्यंत फोर्कलिफ्ट मी चालवतो. चार वर्षं चालवतोय. ठेकेदाराला माहीत, सुपरवायझरला माहीत, गेटवरच्या वॉचमनला माहीत. फक्त हजेरीपटाला माहीत नाही.

एका रात्री एक पेटी काट्यावरून घसरली, फळ्या फुटल्या. सकाळी ठेकेदारानं विचारलं, तुला गाडीला हात लावायला कुणी सांगितलं? तू हेल्पर ना? चार वर्षांत पहिल्यांदा त्याला माझी हजेरीपटावरची जात आठवली. दीड दिवसाचा रोज कापला. मी म्हटलं, शेठ, मग मला ऑपरेटर करा. म्हणाला, सर्टिफिकेट आण. सर्टिफिकेटची फी माझ्या महिन्याच्या कमाईहून जास्त, वर पंधरा दिवस पाळ्या बुडवायच्या. उसने घेऊन तेही करतो म्हटलं. तर म्हणाला, बघू. मग म्हणाला, गाव कुठलं तुझं? आडनाव काय म्हणालास?

दोन महिन्यांनी नवा ऑपरेटर आला. शेठच्या गावचा. सर्टिफिकेट त्याच्याकडेही नव्हतं. त्याला गाडी मी शिकवली.

ही गोष्ट माझ्या एकट्याची असती तर मी कविता लिहिली असती आणि गप्प बसलो असतो. पण आपल्या आज्या-पणज्यांपासून हाच खेळ चाललाय. मुंबईच्या कापडगिरण्यांत साचेखातं म्हणजे जास्त पगाराचं खातं. तिथं आपल्या माणसाला शिरकाव नव्हता. का? तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडानं ओढून काढायला लागायचा. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकरानं तोंडाला कसा लावायचा? म्हणून आपली माणसं कमी पगाराच्या खात्यांत अडकली. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला, तेव्हा कामगार एकजुटीच्या बाता करणाऱ्या पुढाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले असणार. १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांपुढे त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. रेल्वेत आपला माणूस गँगमन म्हणून लागणार आणि गँगमन म्हणूनच मरणार, त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरात काम करायला लागतं आणि घरात आपण चालत नाही.

आता सांगा, गिरणीमालकानं त्या काळी म्हटलं असतं की महार-चांभारांत विणकामाचं कौशल्य नाही, तर ते खोटं नव्हतं. नव्हतंच कौशल्य. साच्याला हात लावू दिला असता तर असतं ना! आधी हात लावू द्यायचा नाही, मग म्हणायचं ह्याच्या हातात कसब नाही, मग त्या नसलेल्या कसबाच्या नावानं पगार कापायचा. कौशल्याची दरी म्हणतात ती हीच. आज धोटा नाही, तोंडानं धागा ओढणं नाही. आज आडनाव विचारतात.

कुणी म्हणेल, हे जुनं झालं, खाजगी धंद्यात आता फक्त गुण बघतात. तर २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल ह्या दोघांचा अभ्यास छापून आला. वर्तमानपत्रातल्या खाजगी नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याचा संभव उच्चवर्णीय नावापेक्षा ठळकपणे कमी निघाला. ते अर्ज ग्रॅज्युएट पोरांच्या नावाचे होते. आमच्या दारूखान्यातल्या शेडला अर्ज नसतो, टपाल नसतं. तिथं मुकादमाचा भाचा असतो. छोट्या धंद्यात माणूस कसा लागतो हे ज्यानं पाहिलंय त्याला अभ्यासाची गरज नाही. उस्ताद आपल्या भावकीतल्या पोराला लेथवर उभा करतो. बाकीची पोरं झाडू मारतात, चहा आणतात आणि चोरून बघतात. माझ्या ओळखीतल्या निम्म्या वेल्डरांनी वेल्डिंग असं चोरून शिकलंय, डोळे सुजवून, कारण काच पण एकच, ती उस्तादाच्या तोंडावर.

अकुशल, अर्धकुशल, कुशल. हे तीन शब्द १९४८च्या किमान वेतन कायद्याच्या काळापासून आपल्या पगारावर बसलेत. नोव्हेंबर २०२५ पासून नवी वेतन संहिता लागू झाली, तिच्यातही तेच शब्द आहेत. कामगार कुठल्या रकान्यात बसतो हे कागदावर सरकार ठरवतं, गेटाच्या आत मुकादम ठरवतो. गटारात उतरणारा माणूस अकुशल! झाकण उघडून किती वेळ थांबायचं, आतला वास कुठला आणि बिनवासाचा गॅस कुठला, दोर कधी ओढायचा, हे ज्याला कळत नाही तो मरतो. ज्याला कळतं तो जगतो आणि अकुशल म्हणून पगार घेतो. २०१३च्या हातानं मैला साफ करण्याच्या बंदीच्या कायद्यात लिहिलंय की अशा माणसाला किंवा त्याच्या घरातल्या एकाला दुसऱ्या धंद्याचं शिक्षण द्यायचं आणि शिकताना महिना किमान ३,००० रुपये द्यायचे. ३,००० रुपयांत मुंबईत शिकणारा माणूस काय खाणार, प्रमाणपत्र? आणि बांधकामावरच्या आपल्या आयाबहिणी! वीस वर्षं गवंड्याच्या हाताखाली राहून भिंतीचा ओळंबा नजरेनं सांगतात, पण बाई मेली तरी बिगारीच. मिस्त्रीण हा शब्द मराठीत मिस्त्रीच्या बायकोसाठी आहे.

बाबासाहेबांना हे सगळं दिसत होतं. १९४२ साली व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी सरकारकडे अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं, त्यात तंत्रशिक्षण मागितलं. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आमची पोरं उमेदवार म्हणून घ्या, असं मागितलं. लक्षात घ्या, चपला शिवायचा वर्ग मागितला नाही, टोपल्या विणायचा वर्ग मागितला नाही. यंत्र मागितलं.

आणि आज काय देतात? सप्टेंबर २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना आली. अठरा धंदे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, टोपल्या-झाडू करणारे. पाच-सात दिवसांचं शिक्षण, दिवसाला ५०० रुपये, १५,००० रुपयांची हत्यारं, वर कर्ज. भाषा गुरु-शिष्य परंपरेची, घराण्याच्या धंद्याची. गरिबाला ५०० रुपये रोज मिळत असेल तर त्यानं घ्यावा, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण कागदावर लिहिलेलं मूळ वाचा: बापाचा धंदा पोरानं पुढं चालवावा. १९५३ साली मद्रासला राजगोपालाचारींनी अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस बापाचा धंदा अशी योजना काढली होती. पेरियारांनी रान पेटवलं, १९५४ मध्ये राजाजींची खुर्ची गेली आणि मागोमाग योजना गेली. तामिळनाडूला ते आठवत होतं, म्हणून त्या सरकारनं २०२४ मध्ये विश्वकर्मा आहे त्या रूपात राबवायला नकार दिला. फुले-शाहू-आंबेडकरांचा महाराष्ट्र म्हणवणाऱ्यांना काहीच आठवलं नाही.

कारागिरीचा मान वगैरे जे बोलतात त्यांच्यासाठी कोल्हापुरी चप्पल. आपल्याच चांभार-ढोरांच्या हातची. २०१९ मध्ये तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसलीच चप्पल मिरवली, ना गावाचं नाव ना कारागिराचं. बोंबाबोंब झाल्यावर कबूल केलं. जगातलं महागडं दुकान ज्या हाताची नक्कल करतं त्या हाताला आपल्या सरकारी कागदावर पाच-सात दिवसांच्या शिक्षणाची गरज आहे!

प्रमाणपत्राचाही अनुभव घेतलाय. आमच्या वस्तीजवळ एका संस्थेनं शिबिर घेतलं. आधीच येत असलेल्या कामाला मान्यता द्यायची म्हणे. कल्पना वाईट नाही, मी तर धावतच गेलो. टोपी दिली, टी-शर्ट दिला, फोटो काढला, चार प्रश्न विचारले. फोर्कलिफ्ट तिथं नव्हतीच, तिचं चित्र होतं. ५०० रुपये खात्यात येणार होते, ते अजून रस्त्यात आहेत. मला वाटायचं माझंच नशीब फुटकं. मग २०२५ मध्ये कॅगचा अहवाल आला. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या नोंदी तपासल्या तर नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्य, नाहीतर लागू नाही, नाहीतर नुसतं कोरं. म्हणजे माझ्यासारखे लाखो. बरं, राज्य सरकारची २०२४ची युवा कार्य प्रशिक्षण योजना, ज्यात कारखान्यात-कचेरीत शिकता शिकता महिना ६ ते १० हजार मिळणार होते, तिची पहिली पायरीच बारावी. मी मॅट्रिक. दारातच बाद. जे आत गेले त्यांना सहा महिने, मग आरडाओरड केल्यावर आणखी पाच महिने, मग घरी.

आता शेठची बाजू. ती मी ऐकलेली आहे, टाळ्या न वाजवता. दारूखान्यातला आठ माणसांचा शेडवाला म्हणतो, अरे मी पोराला लेथ शिकवतो, सहा महिने त्याच्या हातून माल बिघडतो, तो मी सोसतो, आणि सातव्या महिन्यात त्याला मोठी कंपनी उचलते. वर ती मोठी कंपनी माझं बिल चार-चार महिने देत नाही. २००६चा कायदा सांगतो की छोट्याचं बिल पंचेचाळीस दिवसांच्या आत द्या. कोण देतं? त्याचं हे रडणं खरं आहे. मोठा मासा त्याला खातो हे मला दिसतं. पण तो मला खातो हे त्याला दिसत नाही. मोठ्या कंपनीनं पोरगं उचललं ते दोन-तीन हजार जास्त देऊन ना? ज्याला शिकल्यावरही हेल्परचाच पगार मिळतो तो पळणारच. नाही पळाला तर तो मूर्ख.

कायदा काय म्हणतो तेही बघा. १९६१चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा. १९७३ मध्ये त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखल्या. वाचायला छान. पण तीस आणि वर माणसं असतील तरच उमेदवार घ्यायची सक्ती. चार ते एकोणतीसवाल्यांना मर्जी. दारूखान्यातल्या शेडी कितीच्या? आठ, दहा, बारा. सगळे मर्जीतले. आणि जिथं घेतात तिथं कायदाच सांगतो की उमेदवार हा कामगार नव्हे आणि शिकून झाल्यावर त्याला नोकरी द्यायचं बंधन नाही. म्हणजे वर्षभर मशीन चालवायचं शिकाऊ म्हणून, आणि पुढच्या वर्षी दुसरा शिकाऊ.

एकटा छोटा शेठ शिकवू शकत नाही हे मी मान्य करतो. मग सगळ्यांनी मिळून शिकवा! ह्याच मुंबईत हे झालेलं आहे. गोदीत स्टिव्हडोर खंडीभर, एकेकाकडे आज काम तर उद्या नाही, माणूस कुणीच कायम ठेवायचा नाही. १९४८ला कायदा आला, गोदी कामगार मंडळ आलं. कामगाराचं नाव मंडळाच्या नोंदणीत, कामाच्या वर्गवारीनुसार, पाळीनं काम, जहाज नसलं तरी थोडा बांधलेला रोज. कामगार एका शेठचा राहिला नाही, बंदराचा झाला. १९९०च्या दशकात ते मंडळ पोर्ट ट्रस्टमध्ये विरघळलं आणि आम्ही पुन्हा ठेकेदाराच्या दारात आलो. दुसरं उदाहरण १९६९चा माथाडी कायदा. हजारो छोटे व्यापारी, दुकानदार, कुणाचाच हमाल कायम नाही. तरी सगळे मंडळात पगार भरतात, पगारावर लेव्ही भरतात, आणि त्यातून हमालाला फंड, ग्रॅच्युईटी, रजा मिळते. माथाडी मंडळ म्हणजे स्वर्ग असं मी म्हणत नाही. टोळीत शिरायला तिथंही भावकी लागते, हे आपल्यातल्या ज्यानं प्रयत्न केलाय त्याला विचारा. पण रस्ता सापडलेला आहे. शेडवाले, गोदामवाले, ठेकेदार ह्यांच्याकडून लेव्ही घ्या, त्या लेव्हीतून शिकवा, शिकताना पूर्ण रोज द्या, परीक्षा चित्रावर नाही तर मशीनवर घ्या, आणि पास झालेल्याचं नाव नोंदणीत कुशल म्हणून चढवा. आमची जागा त्या नोंदणीत राखीव पाहिजे. मग पळवू दे कुणाला पळवायचं ते. पळवणाऱ्यानंही लेव्ही भरलेलीच असेल.

शेठ म्हणेल परवडत नाही. २०१६ पासून उमेदवाराच्या विद्यावेतनातला चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार सोसतं. ते घ्यायला तो रांगेत उभा असतो. तेव्हा परवडतं.

आपल्या लोकांनाही दोन शब्द, रागावलात तरी चालेल. आपल्या वस्तीत आयटीआयला जाणाऱ्या पोराला नापास समजतात. बी.ए. करून तीन वर्षं स्पर्धा परीक्षेची पुस्तकं उशाला घेऊन झोपणारा साहेब, आणि लेथवर उभा राहणारा काळा. ही मनुची नजर आपल्या डोळ्यात कधी शिरली? २०२३-२४च्या आर्थिक पाहणीत सरकारच सांगतं, १५ ते २९ वयाच्या पोरांत रीतसर धंदेशिक्षण घेतलेले ४.४ टक्के आणि असंच बघून, हाताखाली राहून, घरी शिकलेले १६.६ टक्के. म्हणजे रीतसर शिकलेल्या एकामागं पावणेचार बिनकागदाचे. ते पावणेचार कोण आहेत ते नाक्यावर येऊन बघा. सभेतल्या पाहुण्याच्या चित्रात त्यांना जागाच नव्हती. त्याच्या दुसऱ्या डोंगरावरचा तरुण रिकाम्या हातांचा होता.

आम्ही नाक्यावर एक वही घातलीय. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. नाव, कुठल्या गेटात जातो, तिथं काय म्हणून नोंद आहे, खरं काम काय करतो, किती वर्षं, कुणी शिकवलं. सही किंवा अंगठा. सत्तेचाळीस नावं झालीत. त्यात अकरा गॅस कटर, सहा वेल्डर, तीन क्रेनला खुणा करणारे, दोन बायका ज्या वायररोपचे फासे विणतात आणि ज्यांना पगार झाडूवालीचा आहे. हजेरीपटावर सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस हेल्पर. एक माणूस सही करायला घाबरला, त्याची ओळ मोकळी ठेवलीय. ही वही घेऊन आम्ही लेबर ऑफिसात जाणार आहोत, आणि तिथून पाटीवाल्या गेटात. तुर्भे, भिवंडी, उरण, अंबाड, शिरोली, जिथं जिथं हा अंक पोचेल तिथल्या दोस्तांनी अशी वही घालावी. रकाने हेच ठेवा, म्हणजे पुढं जोडता येतील. आणि कुणी शिकवलं हा रकाना सोडू नका. आमच्याकडे त्या रकान्यात उस्ताद कमी आणि मेलेली माणसं जास्त निघाली.